श्रेय कोणाचं? माझ्या ट्रॉफीची उलटतपासणी

काही वाद कॅन्टीनमधला चहा गार होईपर्यंत चालतात आणि तरी संपत नाहीत. सचिन की विराट हा त्यातला एक. दुसरा ऑगस्ट जवळ आला की हमखास निघतो : आपल्याला स्वातंत्र्य नक्की कोणामुळे मिळालं?

तुमच्या ग्रुपमध्येही हा वाद झाला असणारच. एक जण म्हणतो, ‘चरखा फिरवून कधी साम्राज्य पळतं का? नेताजी होते म्हणून गेले इंग्रज.’ दुसरी म्हणते, ‘आझाद हिंद सेना तर युद्ध हरली होती, गांधीजींनी देश उभा केला.’ तिसरा आदल्या रात्रीच एक रील बघून आलेला असतो. तो शांतपणे सांगतो, ‘दोघंही नाही. महायुद्धात ब्रिटन कंगाल झालं म्हणून गेले ते.’ मग आवाज चढतात, शेजारच्या टेबलवरचे वळून बघतात आणि लेक्चरची वेळ होते.

मी या वादात नुसती बसलेली नाही. मी तो जिंकलेला आहे. सेकंड इयरला असताना एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत ‘स्वातंत्र्याचं खरं श्रेय नौदलाच्या उठावाला’ ही बाजू मी मांडली आणि पहिलं बक्षीस घेऊन घरी आले. ती ट्रॉफी अजून आमच्या टीव्हीशेजारी आहे. गेल्या महिन्यात इंटर्नशिपमध्ये याच विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आनंदाने जुनं भाषण उघडलं. म्हटलं, अर्धं काम झालंय. मग त्यातला एकेक मुद्दा तपासायला घेतला आणि लक्षात आलं की माझे दोन हुकमी एक्के तितकेसे हुकमी नव्हते.

काय झालं होतं मुंबईत?

आधी गोष्ट सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाठ्यपुस्तकात दोन ओळींतच वाचलेली असते.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या भारतीय नौसैनिकांनी काम बंद केलं. निमित्त होतं खराब जेवणाचं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीचं. पण आत बरंच काही साठलेलं होतं. त्याआधी ‘तलवार’च्या भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘क्विट इंडिया’ लिहिलेलं सापडलं होतं आणि त्यावरून बी. सी. दत्त या तरुण नौसैनिकाला पकडलंही होतं. दोन दिवसांत संप इतर बंदरांत पसरला. ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात उतरले. यातले बहुतेक जण तुमच्या-माझ्या वयाचे होते. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष असे तिन्ही झेंडे एकत्र लागले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. सगळं नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण शरण या, अशी धमकी ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून दिली. तेव्हा मुंबईकर काय करत होते? गेटवेवर डबे घेऊन जात होते. नौसैनिकांचं जेवण तोडलंय कळल्यावर लोक खाण्याच्या वस्तू घेऊन किनाऱ्यावर आले. २२ फेब्रुवारीला शहरात हरताळ झाला, गिरण्या बंद पडल्या. लष्कर रस्त्यावर उतरलं. सरकारी आकड्यांप्रमाणेच २२८ नागरिक मारले गेले आणि हजाराहून जास्त जखमी झाले.

२३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून नौसैनिकांनी शरणागती पत्करली.

स्पर्धेत मी इथपर्यंत आले तेव्हा हॉलमध्ये शांतता होती. मग मी एक्के टाकले.

एक्का पहिला : तारीख

मी म्हटलं होतं, ‘१८ फेब्रुवारीला उठाव होतो आणि दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, ब्रिटिश पंतप्रधान ॲटली कॅबिनेट मिशन भारतात पाठवण्याची घोषणा करतात. याला योगायोग म्हणायचं का?’ टाळ्या.

आता नीट बघा. हे मिशन पाठवायचा निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळाने २२ जानेवारी १९४६ लाच घेतला होता. म्हणजे उठावाच्या जवळपास चार आठवडे आधी. १९ फेब्रुवारीला फक्त घोषणा झाली. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर दिसली म्हणून ती दुसरीमुळे झाली असं होत नाही, हे मला अकरावीत लॉजिकच्या तासाला शिकवलेलं. माईक हातात आला आणि मी ते विसरले. खरं सांगायचं तर विसरलेही नव्हते. मी शोधलंच नव्हतं. मला हवं ते मिळालं होतं, मग पुढे कशाला जा?

एक्का दुसरा : ॲटलींचा एक शब्द

हा तर तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. गोष्ट अशी सांगतात : १९५६ साली ॲटली कोलकात्यात आले होते. तेव्हा न्यायमूर्ती फणिभूषण चक्रवर्ती पश्चिम बंगालचे हंगामी राज्यपाल होते. त्यांनी विचारलं, तुम्ही भारत का सोडलात? ॲटलींनी नेताजींचं नाव घेतलं, भारतीय सैन्य आणि नौदलाची राजनिष्ठा उरली नव्हती असं सांगितलं. मग गांधीजींचा प्रभाव किती होता असं विचारल्यावर ते एकच शब्द म्हणाले, ‘मिनिमल’. अगदी थोडा.

हा शब्द मी स्पर्धेत ताणून म्हटला होता. मि-नि-मल. परीक्षकही हसले होते.

आता प्रश्न असा की ही आठवण कागदावर आली कधी? चक्रवर्तींनी ती १९७६ मध्ये एका पत्रात लिहिली. संभाषणानंतर २० वर्षांनी. ॲटली १९६७ मध्येच गेले होते, त्यामुळे ‘साहेब, तुम्ही खरंच असं म्हणालात का?’ हे विचारायची सोय उरली नव्हती. याचा अर्थ चक्रवर्ती खोटं बोलले असा अजिबात नाही. ते मोठे न्यायाधीश होते. पण त्यांच्याच कोर्टात २० वर्षांपूर्वीचं ऐकीव संभाषण कोणी एकमेव पुरावा म्हणून आणलं असतं, तर त्यांनी ते किती धरलं असतं? आणि ॲटली तसं म्हणाले असं मानलं, तरी गेलेल्या सत्ताधीशाने नंतर दिलेलं कारण हेच खरं कारण, असं कशावरून?

मग बाकीचे बरोबर होते का?

थांबा, गांधीजींच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या प्रतिस्पर्ध्याने इतक्यात कॉलर ताठ करू नये. त्याच्याही भाषणात भोकं होतीच.

‘छोडो भारत’ ८ ऑगस्ट १९४२ ला आपल्या गोवालिया टँकवर पुकारलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोठे नेते तुरुंगात गेले. लोक तरीही उठले. नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमारने गोळी झेलली. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, गावागावांत लोकांची न्यायदान मंडळं चालली. पण देशभर बघितलं तर ब्रिटिशांनी ते आंदोलन चिरडलं. ९० हजारांहून जास्त लोकांना अटक झाली आणि इंग्रज तेव्हा गेले नाहीत. मग १९४२ मध्ये जे जमलं नाही ते १९४७ मध्ये कशामुळे जमलं? याचं उत्तर फक्त ‘अहिंसा’ या शब्दात मिळत नाही.

आणि रीलवाला? त्याचं म्हणणं ऐकायला हुशार वाटतं. ब्रिटन कर्जात होतं, हे खरंच आहे. अमेरिकेकडून त्यांनी ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. एवढंच कशाला, युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचंच एक अब्ज पौंडांहून जास्त देणं लागत होतं. म्हणजे सावकारच कुळाचा देणेकरी झाला होता. पण पैसे नाहीत म्हणून वसाहत सोडली, हे सूत्र इतरांना लावून बघा. जर्मनीच्या ताब्यातून नुकत्याच सुटलेल्या नेदरलँड्सने इंडोनेशिया टिकवण्यासाठी १९४९ पर्यंत लढाई केली. फ्रान्स १९५४ पर्यंत व्हिएतनाममध्ये लढत राहिला. आणि लांब कशाला जाता, गोवा आहे की! पोर्तुगाल ब्रिटनपेक्षा कितीतरी गरीब. त्यांनी गोवा सोडलं का? १९ डिसेंबर १९६१ पर्यंत नाही. भारतीय सैन्य आत गेलं तेव्हाच गेले. खिसा रिकामा झाला की राज्यकर्ते आपोआप निघून जात नाहीत. राज्य चालवणं महाग पडायला लागावं लागतं, आणि ते महाग कोणीतरी करावं लागतं.

भांडतोय आपण, ते नव्हते

मला सगळ्यात गंमत वाटली ती इथे. ‘गांधी विरुद्ध नेताजी’ हा सामना आपण लावतो. त्यांच्यात मतभेद होते, चांगलेच होते. नेताजींना काँग्रेसचं अध्यक्षपद सोडावं लागलं होतं. पण त्याच नेताजींच्या आझाद हिंद सेनेतल्या ब्रिगेडची नावं काय होती माहितेय? गांधी ब्रिगेड, नेहरू ब्रिगेड, आझाद ब्रिगेड. ६ जुलै १९४४ ला रेडिओवरून बोलताना गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ म्हणणारे नेताजीच होते.

आता दुसरी बाजू. युद्धानंतर नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. त्यांच्या बचावाला कोण उभं राहिलं? काँग्रेसने नेमलेली वकिलांची फळी. मुख्य युक्तिवाद मुंबईचे भुलाभाई देसाई यांचा होता आणि नेहरूंनी कित्येक वर्षांनी अंगावर बॅरिस्टरचा गाऊन चढवला. देशभर सभा झाल्या. शिक्षा झाली जन्मठेपेची, पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ करून तिघांना सोडून दिलं.

इथे जरा विचार करा. इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत हरलेली सेना खटल्यात जिंकली. का? कारण तिच्या बाजूने उभा राहायला एक देश तयार होता. २५ वर्षं सभा, मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग यातून तो तयार झाला होता. ही तयारी नसती तर तो खटला लष्कराच्या फायलीत गेला असता. आणि खटला नसता तर सैन्यातल्या भारतीयांच्या मनात काय चाललंय हे सरकारला इतकं लख्ख दिसलं नसतं. मग काही आठवड्यांतच नौदल पेटलं. मला आता वाटतं, नौदलाच्या उठावाने इंग्रजांना जायचा निर्णय घ्यायला लावला नाही, तो विचार सुरूच होता. पण ‘ज्या बंदुकीच्या जोरावर आपण इथे आहोत ती आता आपली नाही’ हे मुंबईच्या बंदरात उघड झालं. मागे फिरायचा रस्ता राहिला नाही.

म्हणजे ‘स्वातंत्र्य कोणामुळे?’ हा एक प्रश्न नाहीच. त्यात निदान तीन आहेत. जावं लागेल असं इंग्रजांना कशामुळे वाटलं? ते १९४७ मध्येच का गेले, आधी किंवा नंतर का नाही? आणि ते गेल्यावर देश चालवायला लोक तयार कसे झाले? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. आपण कॅन्टीनमध्ये तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतो आणि एकमेकांना मूर्ख ठरवत असतो.

आजीचा प्रश्न

इथे लेख संपवता आला असता. ‘सगळ्यांचाच वाटा होता’ असं लिहून टाकलं की कोणी दुखावत नाही. पण मला आजी आठवली.

ट्रॉफी घेऊन आले त्या संध्याकाळी मी तिला अख्खं भाषण म्हणून दाखवलं होतं. आजीचं लहानपण परळच्या चाळीत गेलं, तिचे वडील गिरणीत होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘छान बोललीस गं. पण त्यात आमचे बाबा कुठे आले?’

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी हसले आणि विषय बदलला. या लेखाच्या निमित्ताने आता परत तिच्याशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, ‘मला काय आठवणार, मी तेव्हा रांगत होते. आई सांगायची. हरताळाच्या दिवशी बाबा सकाळी बाहेर पडले ते दुसऱ्या दिवशी परत आले. आमच्या खालच्या खोलीत एक मुलगा राहायचा, गावाहून आलेला, तो आलाच नाही. आई त्याला जेवायला वाढायची. त्याचं ताट किती दिवस वेगळं ठेवलं होतं म्हणे.’

मी विचारलं, ‘नाव काय होतं त्याचं?’

‘आई नुसतं पोरगा म्हणायची.’

२२८ या आकड्यातला तो एक होता का, मला सांगता येणार नाही. आपल्याला नावानिशी माहीत असलेल्या मोजक्यांत कमल दोंदे आहेत. परळमध्ये महिलांचं काम करणाऱ्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या. २२ फेब्रुवारीला त्या परळमध्ये गोळीबारात गेल्या, त्यांच्यासोबतच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. बाकीचे? ते कुठल्या पक्षाचे ‘आपले’ नव्हते. काँग्रेस आणि लीग या दोन्ही मोठ्या पक्षांनी त्या हरताळाला पाठिंबा दिला नव्हता. पटेलांचं म्हणणं होतं की सैन्याची शिस्त मोडता कामा नये, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणारच आहे. तुम्हाला ते पटो न पटो, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम काय झाला? संपावर गेलेल्या नौसैनिकांना स्वातंत्र्यानंतरही ना भारताच्या नौदलात परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळायला त्यांना कितीतरी वर्षं थांबावं लागलं. आणि गिरणगावातल्या माणसांसाठी तर तेवढंही कोणी भांडलं नाही.

श्रेयाबद्दल मला कळलेली गोष्ट ही आहे. ज्याला वारस असतात त्याला श्रेय मिळतं. ज्याच्या नावाने पक्ष आहे, संघटना आहे, जयंती आहे, त्याच्यासाठी भांडायला माणसं असतात. ज्याचं नाव त्याच्या शेजारणीलाही माहीत नव्हतं, त्याच्या बाजूने स्पर्धेत कोण उभं राहणार? मी स्वतः नौदलाची बाजू मांडताना हरताळातल्या माणसांना एका वाक्यात उरकलं होतं. ‘शेकडो मुंबईकरांनी बलिदान दिलं.’ वाक्य टाळ्यांसाठी बरं होतं.

आणि आणखी एक. श्रेयाच्या रांगेत एवढी गर्दी असते, पण त्याच १९४७ सालची फाळणी? ॲटलींनी २० फेब्रुवारी १९४७ ला जाहीर केलं होतं की जून १९४८ पर्यंत सत्ता सोडू. माउंटबॅटननी ती तारीख दहा महिने अलीकडे ओढली. त्या घाईत लाखो माणसं मेली. ‘हे आमच्यामुळे झालं’ म्हणायला कोणीही पुढे येत नाही. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पुढच्या वेळी भांडाल तेव्हा

भांडू नका असं मी म्हणणार नाही. भांडा, इतिहास त्यानेच जिवंत राहतो. पण पुढच्या वेळी आवाज चढवायच्या आधी चार गोष्टी बघा. मी त्या उशिरा शिकले.

तारखा एकाखाली एक लिहून काढा. निम्मे दावे तिथेच गळतात.

‘अमुक असं म्हणाले’ हे ऐकलं की विचारा : कोणी लिहून ठेवलं, आणि किती वर्षांनी?

तुमचं सूत्र दुसऱ्या देशाला लावून बघा. तिथे चालत नसेल तर त्यात काहीतरी कमी आहे.

आणि शेवटी स्वतःला विचारा, की मला अमुकच जिंकायला का हवंय? कारण बऱ्याचदा आपण १९४७ बद्दल बोलतच नसतो. आज देश कोणाचा आहे, यावर भांडत असतो.

ट्रॉफीचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. परत तर करता येत नाही. आई म्हणते, राहू दे, शोभेला बरी आहे. पण मी एक केलं. गेल्या रविवारी कुलाब्याला जाऊन नौसैनिकांच्या उठावाचं स्मारक बघून आले. याआधी त्या रस्त्याने कितीदा तरी गेले असेन, कधी थांबले नव्हते. नौसैनिकांसाठी निदान ते तरी आहे. येताना परळला उतरले आणि आजीची चाळ जिथे होती तिथे गेले. आता तिथे टॉवर आहे. वॉचमनने विचारलं, ‘कोणाकडे जायचंय?’

मला नाव सांगता आलं नाही.